घोडबंदर रोडवरचा भाड्याचा वाफा आणि चार वेलींची ‘द्राक्षबाग’: चार महिन्यांचा हिशेब

आधी गुण देऊन टाकते, म्हणजे घाईतल्यांची सुटका होईल. वाफ्याला पाचपैकी चार. द्राक्षबागेला पाचपैकी अर्धा, आणि तो अर्धाही मंडपाच्या लोखंडी अँगलना. तरी मी तिथे परत जाणार आहे. का, ते सांगायला मात्र थोडं लांबण लावावं लागेल. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे रीत दाखवल्याशिवाय उत्तर देववत नाही.

ओवळ्याच्या पुढे गेलं की घोडबंदर रोडच्या डोंगराकडच्या अंगाला एक कच्चा रस्ता आत वळतो. फाट्यावर पत्र्याची पाटी आहे: ‘भाजीचे वाफे भाड्याने मिळतील. ठाण्यातील द्राक्षबाग.’ खाली बाण. वाडीला याहून वेगळं नाव नाही. आगरी कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन, पूर्वी भात आणि वालाची. पंचेचाळिशीच्या मालकांना सगळे दादा म्हणतात आणि त्यांच्या आईला आई. मी पासष्टीची, त्या पंच्याहत्तरीच्या, पण त्या मला ‘बाय’ म्हणाल्यावर मीही त्यांना आईच म्हणू लागले.

वाफा २० फूट बाय १० फुटांचा. महिन्याला १,५०० रुपये, आणि कमीत कमी चार महिन्यांसाठी घ्यावा लागतो. त्यात पाणी, सुरुवातीचं शेणखत, कुदळ-खुरपं आणि आपण नसू त्या दिवशी त्यांच्या माणसाने घातलेलं पाणी एवढं येतं. बियाणं आपलं आपण आणायचं. १,००० रुपये अनामत, ती परत मिळाली, काटछाट न करता. मी संक्रांतीनंतर वाफा घेतला आणि मेच्या मध्यावर सोडला. मंगळवार आणि शनिवार माझे ठरलेले वार. चरईतून स्टेशनपर्यंत चालत, तिथून टीएमटीची बस, फाट्यापासून दहा मिनिटं पायी. सकाळी साडेसहाची बस धरली तर त्रास नाही. नऊनंतर निघालात तर मेट्रोच्या खांबांकडे बघत बसायची तयारी ठेवा. रविवारी जाऊच नका. वाडीतही गर्दी आणि रस्त्यावरही.

सोयी थोडक्यात. शौचालय एकच, स्वच्छ, पण आत एकही खुंटी नाही. पर्स आणि ओढणी गळ्यात घालून कसरत करावी लागते. दोनदा सांगितलं, दोनदा ‘लावतो ताई’ झालं, अजून लागलेली नाही. चहा १५ रुपये, बांधावरची गवती चहाची पात घातलेला, फार चांगला. सावली फक्त मंडपाखाली आणि एका आंब्याखाली. वाहन लावायला जागा भरपूर.

आता वाफा.

जानेवारीअखेर मी लाल माठ, मुळा, मेथी पेरली आणि एका कडेला भेंडी टोकली. लाल माठ हे नवशिक्यांचं पीक आहे आणि मी नवशिकी नव्हते असं मला वाटत होतं. शेतकऱ्याच्या घरात वाढले खरी, पण आमच्याकडे भाजीपाला बांधापुरता असायचा, सगळा जीव द्राक्षात. त्यामुळे बी दाट पडलं. आईंनी बघून फक्त ‘चटई इनलीस बाय’ एवढंच म्हटलं आणि निम्मी रोपं उपटून माझ्याच पिशवीत भरून दिली. ती पहिली भाजी. बोटभर उंचीची, देठ तोडायचीही गरज नसलेली, लसणीवर परतल्यावर कढईत मूठभर उरलेली. उरलेला माठ २६ व्या दिवशी कापणीला आला. ठाण्यात फेब्रुवारीत रात्री गार असतात, दिवसा ऊन असतं आणि दव पडतं. पालेभाजीला याहून काय हवं? त्या महिन्यात मी जांभळी नाक्यावर पालेभाजी घेतली नाही. ओळखीच्या भाजीवालीने एकदा हाक मारून विचारलं, रागावलात का म्हणून.

भेंडीची गोष्ट वेगळी. बी सहाव्या दिवशी वर आलं, पन्नासेक दिवसांत पहिली तोडणी झाली. पण भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते आणि मी आठवड्यात दोनदा जाणारी. शनिवारी बोटाएवढी दिसलेली भेंडी मंगळवारी जून झालेली. त्यांचा माणूस तोडून फ्रिजमध्ये ठेवतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, फक्त सांगावं लागतं. हे मला मार्चच्या शेवटी कळलं. पाटीवर लिहायला काय हरकत होती?

या वाफ्यांची मोठी अडचण म्हणजे शेजार. भेंडीवर केवडा येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग पान, मग फळ. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. औषध मारून रोगट झाड बरं होत नाही, उपटून नष्ट करणं एवढाच मार्ग. वाडीत फक्त दशपर्णी आणि निंबोळी अर्क फवारतात, ते ठीकच. पण माझ्या शेजारच्या वाफ्यावरचं तरुण जोडपं पिवळं झाड उपटायला तयार होईना. ‘जगेल ना आंटी, पाणी जास्त घालतो.’ मी समजावलं. दादांना सांगितलं. दादा म्हणाले, गिऱ्हाईकाच्या वाफ्यात आम्ही हात घालत नाही. तत्त्व चांगलं आहे, पण माशीला ते कोण सांगणार? शेवटी एका मंगळवारी, आजूबाजूला कोणी नाही असं पाहून, मी त्यांची दोन झाडं उपटली. पुढच्या शनिवारी त्या मुलीने मला विचारलं, माकडं आली होती का. मी हो म्हटलं. आज इथे कबूल करते. वाडीने रोगट झाड काढायचा एक नियम करावा आणि वाफा देतानाच सही घ्यावी.

माकडं येतात, हेही खरंच. काकडी त्यांना आवडते. मी जाळीवर दोन वेल चढवले होते, त्यातला एक त्यांच्या वाट्याचा धरून चालले.

फेब्रुवारीच्या मध्यावर काकडी, शिराळी आणि पडवळ लावलं. शिराळ्याला आमच्या निफाडकडे दोडका म्हणतात, आणि इथल्या घोसाळ्याला गिलकं. यावरून आईंची नि माझी रोज थट्टा. पडवळ मात्र दोन्हीकडे पडवळच. ते बोटभर झालं की आई सुतळीला लहान दगड बांधून शेंड्याला लटकवायच्या, म्हणजे वाकडं न होता सरळ खाली उतरतं. वाफ्यावर एका वेळी सात-आठ दगड लोंबताना पाहून रविवारचे लोक फोटो काढत. एका गृहस्थांनी तर ही कुठली ऊर्जेची पद्धत असं विचारलं.

शिराळ्याने मला वेळापत्रक शिकवलं. काकडीचं फूल सकाळी उमलतं, पण शिराळ्याचं पिवळंधमक फूल उमलतं संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. आणि वाडीचं फाटक सहाला बंद. मार्चमध्ये फळं धरेनात. नुसती बोटभर व्हायची आणि पिवळी पडून गळायची. परागीकरण होत नव्हतं हे उघड होतं. नराचं फूल खुडून मादीच्या फुलाला हाताने लावायचं तर फूल उघडायला हवं, आणि ते उघडायच्या वेळेला दादा किल्ल्या वाजवत उभे. मी एकदा भांडलेच. दादांनी शांतपणे मागच्या डोंगराकडे बोट केलं. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची कड आहे, आणि संध्याकाळनंतर बिबट्या खाली उतरतो. मागच्या वर्षी त्यांचं कुत्रं नेलं. म्हणून सहा म्हणजे सहा.

या एका मुद्द्यावर मी वाडीचे गुण कापणार होते, ते कापले नाहीत. दोन शनिवारी दादा स्वतः काठी आणि बॅटरी घेऊन पावणेसातपर्यंत माझ्याबरोबर थांबले. मी फुलांना फुलं लावत होते आणि ते डोंगराकडे तोंड करून उभे होते. त्या दोन संध्याकाळी लावलेल्या अकरा फुलांपैकी आठ धरली. अशी सेवा पाटीवर लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळीच डोंगर नीट पाहिला. काटेसावर फेब्रुवारीतच लाल होऊन गेली होती. मार्चअखेर कुसुंबाला पालवी फुटली होती, आणि ती हिरवी नसते, लालभडक असते. लांबून फुलंच वाटतात. ठाण्यात मी सदतीस वर्षं राहते आहे. उपवनला फिरायला गेले, येऊरला सहली नेल्या, आणि कुसुंबाची पालवी मला या वर्षी दिसली. तोवर माझ्या डोक्यात मार्च म्हणजे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

वाफ्याचा हिशेब असा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून वहीत लिहिलंय. भेंडी साडेसात किलो, काकडी ११ किलो (माकडांची वजा जाता), शिराळी पाच किलो, पडवळ नऊ नग, लाल माठ २३ जुड्या होतील एवढा, मुळा आणि मेथी घरापुरती. टोमॅटो लावला होता, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. बाजारभावाने ही सगळी भाजी फार तर अडीच हजारांची. भाडं दिलं ६,००० आणि बसभाडं वेगळं. स्वस्तात भाजी मिळेल म्हणून कोणी वाफा घेत असेल तर घेऊ नये. माझ्या जाऊबाईंनी हाच हिशेब तोंडी करून मला वेड्यात काढलं आणि मग दर शनिवारी ‘काय आणलंस’ म्हणून फोन केला.

आता ती द्राक्षबाग.

पाटी वाचून मी वाफ्याच्या आधी तिलाच बघायला गेले होते. चार वेली. चार! लोखंडी अँगल आणि तारांचा चांगला भक्कम मंडप, खाली शहाबादी फरशी, दोन बाकं, आणि मंडपाच्या तारांना सुतळीने बांधलेले प्लास्टिकचे घड. जांभळे आणि हिरवे, आलटून पालटून. लग्नाआधीच्या फोटोंसाठी मंडप भाड्याने देतात, तासाला १,२०० रुपये. म्हणजे प्लास्टिकची द्राक्षं माझ्या भाजीपेक्षा जास्त कमावतात. मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागाइतदाराची मुलगी. त्या घडांकडे बघून हसू की रडू असं झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. द्राक्षवेल मूळची थंड मुलखातली. तिकडे हिवाळ्यात ती पानं गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. आपल्याकडे तिला झोपच लागत नाही, ती बारा महिने हिरवी राहायला बघते. म्हणून आपण कात्रीने तिचे ऋतू करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, त्यातून काड्या तयार होतात. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, त्यातून घड येतात. दोन छाटण्या, एक पीक. फेब्रुवारी-मार्चात माल निघतो. त्यामुळे आमच्याकडे वसंत म्हणजे फुटवा नव्हे. आमच्याकडे वसंत म्हणजे कॅरेटांचे ढीग, व्यापाऱ्याशी घासाघीस आणि आभाळाकडे डोळे. होळीच्या सुमारास ढग आले की वडील जेवत नसत. चैत्र लागला की बाग रिकामी, आणि मग पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या छाटणीला उतरायच्या. चार दिवसांत हिरवा मंडप काटक्यांचा होऊन जायचा. लहानपणी मला तो दिवस आवडत नसे. खालची सावली जायची.

दादांच्या वेली तीन वर्षांच्या. नाशिककडच्या एका रोपवाटिकेतून सोनाका या वाणाच्या म्हणून आणलेल्या. नीट छाटणी कधीच नाही. दिवाळीत ‘जरा आकार’ दिलेला. तीन वेलींवर मिळून पाच घड होते, लांबट मण्यांचे, म्हणजे सोनाका असावी हे पटलं. एक मणी चाखला आणि दुसऱ्याकडे हात नेला नाही. चौथ्या वेलीवर तीन वर्षांत एकही घड नाही. दादा तिला दुप्पट खत घालत होते.

मी तिचं पान उलटून पाहिलं. शेंड्याकडची कोवळी पानं पांढरट, कोळ्याचं जाळं लागल्यासारखी लवदार. बाकी तिन्ही वेलींची पानं तशी नव्हती. खाली बुडाशी वाकून पाहिलं तर कलमाच्या जागेच्या वरचा भाग केव्हाच वाळून गेलेला, आणि त्याच्या खालून ही दांडगी वेल निघालेली. पूर्वी बागा स्वतःच्या मुळांवर असत. पुढे पाण्याची टंचाई आणि जमिनीतला क्षार वाढला तसं डॉगरिज नावाच्या जंगली जातीच्या खुंटावर कलम करायची पद्धत आली. मुळं त्याची, द्राक्षं आपल्या वाणाची. इथे वाण मेला होता आणि खुंट वाढला होता. ‘दादा,’ मी म्हटलं, ‘तुम्ही तीन वर्षं खुंटाला जेवू घालताय.’ दादांचा चेहरा बघवेना. आई मात्र पदर तोंडाला लावून हसल्या.

यानंतर दादा माझ्या मागे लागले, छाटणी कशी करायची सांगा. आणि इथे माझी पंचाईत झाली. मला सगळं माहीत होतं आणि मी कधीच केलं नव्हतं.

आमच्या घरात बायका-मुली बागेत राबायच्या. फेलफुटी म्हणजे नको असलेले फुटवे काढायच्या, घड डिपिंगच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात बुडवायच्या, मणी विरळायच्या. विरळणीची टोकदार छोटी कात्री माझ्या हातात आठव्या वर्षी आली, तिच्यामुळे अंगठ्याला पडलेला घट्टा कॉलेजपर्यंत होता. पण छाटणीची मोठी कात्री पुरुषांची. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना औषधाची पेस्ट लावतात, तेही पुरुषांचं काम. त्या दिवशी गड्यांना दारूला हात लावू द्यायचे नाहीत, कारण ते औषध आणि दारू यांचं भयंकर वाकडं आहे. वडील स्वतः रात्री वस्तीवर जाऊन बघून यायचे. मी हे सगळं बांधावर बसून पाहिलेलं. कुठली काडी ठेवायची, किती डोळ्यांवर कापायची, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं. एकदा, बारावीत असताना, कात्री मागितली. वडील म्हणाले, ‘हात दुखतील.’ रागाने नाही म्हणाले. खरंच हात दुखतील असं त्यांना वाटलं.

पुढे बाग भावाकडे गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात महाराष्ट्रभर गारपीट झाली, त्यात आमचा मंडप मालासकट आडवा झाला. भावाने दोन वर्षं ओढली आणि मग वेली उपटून टाकल्या. आता टोमॅटो आणि कांदा करतो, पिंपळगाव बसवंतला नेतो. बरा आहे. मी त्यानंतर माहेरी गेले की शेताच्या त्या बाजूला जात नाही, एवढंच.

तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, पासष्टाव्या वर्षी मी पहिली खरड छाटणी केली. दादा एप्रिलच्या मध्यावर करू म्हणत होते, कारण एका फोटोवाल्याचं बुकिंग होतं. मी हट्ट धरला. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्ये पुढच्या वर्षीचा घड बसतो. दिसत काही नाही, पण आत ठरून जातं. त्या दिवसांत ऊन लागतं. ढगाळ हवा असेल तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी, म्हणजे आधाराला वळणारा ताणा, बसते. नाशिकला एप्रिलमध्ये छाटणी चालून जाते. ठाण्यात मेअखेर आभाळ भरायला लागतं आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येऊन ठेपतो. म्हणून इथे मार्चच हवा. दादांनी बुकिंग रद्द केलं. तीन तासांचे पैसे गेले त्यांचे, हे मी विसरलेले नाही.

आधी प्लास्टिकचे घड उतरवले. ३२ निघाले. त्यांच्यावर धुळीचा थर, आणि एकावर बुलबुलाने टोच मारल्यासारखी खूण. मग कात्री. दादांची कात्री बोथट होती, पहिली काडी कापली न जाता चिरडली. आईंनी ती हिसकावून घेतली, पायरीच्या दगडावर पाणी टाकून घासली आणि परत दिली. त्यानंतर खच खच. मी प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर कापत गेले. व्हिडिओ कॉलवर भाऊ. ‘ताई, एका डोळ्यावर घे. दोन कशाला ठेवतेस?’ मी म्हटलं, भीती वाटते. तो म्हणाला, ‘वेलीला नाही वाटत.’ मग एका डोळ्यावर घेतल्या. कॉल मात्र त्याने बंद केला नाही. फोन आंब्याला टेकवून ठेवला होता आणि तासभर तो तिकडे नुसता बघत बसला होता. मागे त्याच्या टोमॅटोच्या तारा दिसत होत्या.

कापलेल्या टोकांतून पाणी टपकायला लागलं. दादा घाबरले. मी सांगितलं, मुळं जागी आहेत, काही होत नाही. हात दुखले. दोन दिवस भाकरी थापता आली नाही.

बाराव्या दिवशी डोळे फुगून फुटले. आधी लोकरीसारखा पांढरा कापूस, मग त्यातून गुलाबी कडांची दुमडलेली पानं, नखाएवढी. नाशिकला या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की ओलांड्यांवर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांद्यांवर, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारावं लागतं, नाहीतर फूट मागेपुढे होते. ठाण्यात घामाघूम करणारा दमटपणा वेलींना मात्र मानवला. पाणी न फवारता तिन्ही वेली एकसारख्या फुटल्या. या हवेची मी सदतीस वर्षांत केलेली ही पहिली स्तुती. मेच्या पहिल्या आठवड्यात सात पानांवर शेंडे खुडले. मेच्या मध्यावर, वाफा सोडायच्या दिवशी, मंडपाखाली पुन्हा सावली होती. विरळ, ठिपक्यांची, पण सावली.

तरी गुण अर्धाच. पाटीवर ‘द्राक्षबाग’ लिहून चार वेली दाखवायच्या, त्यातला एक खुंट, ही फसवणूक नसली तरी बढाई आहे. पाऊस लागला की ठाण्यात दावण्या हा बुरशीचा रोग या वेलींना सोडणार नाही. दादांना सांगून आले आहे: पहिल्या सरीनंतर उघडीप मिळाली की बोर्डो मिश्रण फवारा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भिजवायचं, लोखंडी भांडं नको. मिश्रण झाल्यावर त्यात घासलेला विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय. वडिलांचा विळा यासाठी वेगळा ठेवलेला असे. एवढं करूनही पिशवीभर द्राक्षं इथे मिळतील असं मी कुणाला सांगणार नाही. द्राक्षं खायची तर फेब्रुवारीत वाशीच्या फळबाजारात जा. मंडपाखाली बसायचं तर इकडे या, मंगळवारी, फोटोवाले नसताना. चहा घ्या.

पावसाळ्यात दादा वाफे देत नाहीत, सगळीकडे भात लावतात. मी ऑक्टोबरपासूनचा वाफा आताच सांगून ठेवलाय, भाडं तेच राहील असं त्यांनी कबूल केलंय. सप्टेंबरअखेर त्या चौथ्या खुंटावर कलम करायचं, भाऊ काड्या घेऊन येतो म्हणालाय. येईल तेव्हा खरं.

निघताना दादा जरा चाचरत जवळ आले. जूनमध्ये दोन बुकिंग आहेत म्हणाले, लोक घड विचारतात, तर ते प्लास्टिकचे परत लावले तर चालतील का. कलम होईपर्यंतच.

मी म्हटलं, लावा. पण सगळे चौथ्या वेलीवर.